जुन्या मोटारसायकलची कॅफे रेसर घरच्या घरी कशी घडवावी

कॅफे रेसर हा प्रकार कारखान्यात जन्मलेला नाही. १९५० आणि १९६० च्या दशकांत लंडनच्या नॉर्थ सर्क्युलर रोडवरील एस कॅफेसारख्या उपाहारगृहांभोवती जमणाऱ्या तरुणांनी आपल्या रोजच्या गाड्यांवरचे अनावश्यक वजन उतरवले, हँडल खाली आणले, फूटरेस्ट मागे नेले आणि ताशी १०० मैलांचा, म्हणजे सुमारे १६० किलोमीटरचा, वेग गाठण्याची ईर्षा धरली. नॉर्टनच्या ‘फेदरबेड’ फ्रेममध्ये ट्रायम्फचे इंजिन बसवून तयार होणारी ‘ट्रायटन’ ही त्या काळातली सर्वांत नावाजलेली जोडणी होती. या गाड्यांचे देखणेपण वेगाच्या गरजेतून आलेले होते, एवढे ध्यानात ठेवले तरी आज काम करणाऱ्याचे बरेच निर्णय सोपे होतात. ज्या बदलामुळे गाडी हलकी होत नाही, स्थिर होत नाही किंवा नीट थांबत नाही, त्या बदलासाठी फ्रेमवर ग्राइंडर चालवू नये.

घरी सुरू केलेली अशी कामे अर्धवट राहतात, त्यामागे बहुधा चुकलेला क्रम असतो. गाडी हाती येताच मागची फ्रेम कापली जाते, टाकी रंगायला जाते, आणि मग कळते की इंजिन धूर टाकते आहे किंवा नव्या हँडलमुळे टाकीला पोचा पडतो आहे. म्हणून या लेखातला क्रम ठरलेला आहे: आधी गाडी यांत्रिकदृष्ट्या निरोगी करावी, मग बसण्याची ठेवण निश्चित करावी, त्यानंतर कापाकापी, मग रंग न देता संपूर्ण कच्ची जोडणी, आणि सर्वांत शेवटी रंग.

गाडीची निवड

एअर-कूल्ड इंजिन, कार्बोरेटर, लोखंडी नळ्यांची फ्रेम आणि मागे दोन शॉकॲबसॉर्बर असलेली गाडी या कामाला सर्वांत योग्य असते. रेडिएटर, त्याचे पाइप आणि फ्युएल इंजेक्शनचे सेन्सर लपवायला जागा लागते, आणि कॅफे रेसरमध्ये नेमकी तीच नसते. होंडाची सीबी मालिका, यामाहाच्या एक्सएस ६५० आणि एसआर ५००, बीएमडब्ल्यूच्या जुन्या आर मालिकेतील बॉक्सर गाड्या, रॉयल एन्फिल्डची बुलेट, किंवा लहान इंजिनांत यामाहाची आरएक्स १०० या गाड्यांवर जगभर असे काम झालेले आहे. त्यामुळे त्यांचे सुटे भाग आणि सर्व्हिस मॅन्युअल मिळवणे तुलनेने सोपे जाते. बीएमडब्ल्यूच्या १९६९ पासूनच्या त्या जुन्या बॉक्सर गाड्यांत सीटखालची मागची फ्रेम मुख्य फ्रेमला बोल्टने जोडलेली असते. ती काढून जपून ठेवता येते आणि मनात आले तर गाडी पुन्हा मूळ रूपात नेता येते. नवख्या माणसासाठी ही मोठीच सोय आहे.

गाडी पाहताना काही पावले मागे सरकून बाजूने तिचा आकार पाहावा. टाकीच्या खालच्या कडेपासून सीटच्या टोकापर्यंत एक सरळ, जमिनीला जवळपास समांतर रेषा काढता येईल का, हा पहिला प्रश्न. कॅफे रेसर नजरेला भावते ती या रेषेमुळे. फ्रेम सीटपाशी खोल वाकलेली असेल तर ही रेषा साधण्यासाठी नको तितके वेल्डिंग करावे लागते.

कागदपत्रांची तपासणी याच टप्प्यावर पूर्ण करावी. चेसिस क्रमांक आणि इंजिन क्रमांक नोंदणीपत्राशी जुळतात का ते स्वतःच्या डोळ्यांनी पाहावे. फ्रेम, सायलेन्सर, दिवे आणि आसनसंख्या यांतल्या बदलांसाठी आपल्याकडील नियम काय सांगतात तेही कापाकापीआधीच लेखी स्वरूपात मिळवावे. अनेक ठिकाणी मूळ फ्रेममध्ये केलेला बदल मंजुरीशिवाय चालत नाही, आणि अशा गाडीचा विमा दाव्याच्या वेळी नाकारला जाऊ शकतो.

आधी तब्येत, मग रूप

खरेदी केलेली गाडी शक्य असल्यास थोडे दिवस आहे तशीच चालवावी, कारण सुटी केलेली गाडी आपले दुखणे सांगत नाही. गिअर उडतो का, क्लच घसरतो का, हात सैल सोडल्यावर हँडल एका बाजूला ओढते का, ब्रेक लावल्यावर पुढून ठोका येतो का, याची लेखी यादी करावी.

त्यानंतर कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमध्ये तयार होणारा दाब, मोजावे. इंजिन गरम करून सर्व प्लग काढावेत, प्लगच्या छिद्रात गेज बसवावा, ॲक्सिलरेटर पूर्ण उघडा धरावा आणि काटा स्थिर होईपर्यंत किक मारावी. नेमका आकडा त्या मॉडेलच्या मॅन्युअलमध्ये पाहावा. एकाहून अधिक सिलिंडर असल्यास त्यांच्यातला फरक १० ते १५ टक्क्यांच्या पुढे जाऊ नये. आकडा कमी आला तर चार-स्ट्रोक इंजिनात प्लगच्या छिद्रातून चमचाभर इंजिन ऑइल सोडून पुन्हा मोजावे. आकडा वाढला तर रिंगा किंवा सिलिंडर झिजलेला आहे. तसाच राहिला तर व्हॉल्व्ह किंवा हेड गॅस्केटकडे संशय वळवावा. इंजिनाचे मोठे काम निघाले तर ते आताच करून घ्यावे, कारण रंगवलेल्या फ्रेममधून इंजिन पुन्हा बाहेर काढताना रंगावर ओरखडे पडल्याशिवाय राहत नाहीत.

हत्यारे आणि गाडी सुटी करणे

चांगला सॉकेट सेट, टॉर्क रेंच, फीलर गेज, मल्टिमीटर, टर्मिनल दाबायचा क्रिंपर, ग्राइंडर आणि गाडी उभी धरणारा भक्कम स्टँड एवढी हत्यारे हवीतच. जुन्या जपानी गाड्यांच्या फुलीच्या स्क्रूंबद्दल एक सूचना आवश्यक आहे: त्यांची फुली जेआयएस या जपानी मानकाची असते आणि नेहमीचा फिलिप्स स्क्रूड्रायव्हर तिच्यात पूर्ण बसत नाही, त्यामुळे जोर लावताच फुली गोल होते. पुष्कळदा अशा स्क्रूच्या डोक्यावर लहानसा ठिपका असतो. त्यासाठी जेआयएस टोकाचा इम्पॅक्ट ड्रायव्हर वापरावा. गंजलेल्या नट-बोल्टांना आदल्या रात्री गंज सोडवणारे तेल लावून ठेवावे आणि तरीही न हलल्यास उष्णता द्यावी. नुसता जोर लावल्याने बोल्ट तुटतो आणि आटे खराब होतात. उष्णता देण्यापूर्वी टाकी, पेट्रोलचा पाइप आणि कार्बोरेटर गाडीपासून दूर ठेवलेले असावेत.

प्रत्येक भाग काढण्यापूर्वी छायाचित्र घ्यावे, वायरींची जोडणी असेल तिथे तीन-चार कोनांतून घ्यावे. इंजिनाच्या बाजूच्या झाकणांचे स्क्रू वेगवेगळ्या लांबीचे असतात. पुठ्ठ्यावर झाकणाचा आकार काढून प्रत्येक स्क्रू त्याच्या जागी खोचून ठेवावा. बाकीचे नट-बोल्ट नाव लिहिलेल्या पिशव्यांत घालावेत. जे भाग पुन्हा लागणार नाहीत असे वाटते तेही काम संपेपर्यंत टाकू नयेत, कारण मोजमाप घ्यायला मूळ भागासारखा दुसरा आधार नसतो.

बसण्याची ठेवण

हँडल, सीट आणि फूटरेस्ट या तीन बिंदूंमधले अंतर म्हणजे कॅफे रेसरचा गाभा, आणि घरच्या कामात सर्वाधिक घाईही इथेच होते. हँडल खाली नेले आणि फूटरेस्ट जुन्याच जागी ठेवले, तर अंगाचा सगळा भार मनगटांवर येतो. फूटरेस्ट मागे आणि किंचित वर गेले की चालकाला पायांवर भार घेता येतो आणि हात मोकळे राहतात. म्हणून हे दोन्ही बदल एकत्रच ठरवावेत.

क्लिप-ऑन हँडल फोर्कच्या, म्हणजे पुढचे चाक धरणाऱ्या जोडीच्या, नळ्यांना थेट आवळले जाते, त्यामुळे नळीचा व्यास व्हर्नियरने मोजून त्याच मापाची जोडी घ्यावी. फोर्कच्या नळ्या एकत्र धरणाऱ्या वरच्या पट्टीखाली ते बसवले की हँडल सर्वांत खाली येते, परंतु टाकीला अडण्याची शक्यताही तेवढीच वाढते. हँडल दोन्ही बाजूंना शेवटपर्यंत वळवून मूठ आणि टाकी यांच्यामध्ये अंगठा आरामात मावतो का ते पाहावे, आणि मावत नसेल तर कोन बदलावा. वळण मर्यादित करणाऱ्या मूळ स्टॉपरवर थोडे वेल्डिंग चढवूनही हे साधते, मात्र त्यामुळे गाडी वळवायला जास्त जागा लागते. ज्यांना एवढ्या खोलात जायचे नाही त्यांनी मूळ क्लॅम्पमध्येच बसणारे, पुढे जाऊन खाली वळलेले क्लबमन हँडल घ्यावे. नवख्यासाठी मी तेच सुचवेन, कारण ते आवडले नाही तर काही मिनिटांत उतरवता येते.

हँडल खाली आल्याने मूळ केबल लांब पडतात. जास्तीची केबल तीव्र वळणात कोंबल्यास क्लच जड होतो आणि ॲक्सिलरेटर अडकू शकतो. योग्य लांबीच्या केबल बसवाव्यात, आणि इंजिन चालू असताना हँडल दोन्ही टोकांना वळवून इंजिनाचा वेग वाढत नाही ना याची खात्री करावी. डिस्क ब्रेक असल्यास मास्टर सिलिंडरची (हँडलवरची ब्रेक फ्लुइडची) वाटी नव्या कोनातही आडवी, समतल राहिली पाहिजे. ती कलली तर हवा आत शिरू शकते.

फूटरेस्ट मागे नेताना ब्रेक आणि गिअर यांच्यासाठी जोडदांडे लागतात. गिअरच्या शाफ्टवरची लहान भुजा खाली असेल ती वर केली तर गिअर टाकण्याची दिशा उलटते. ब्रेकच्या बाबतीत पेडलची लांबी आणि त्याला जोडलेल्या भुजेची लांबी यांचे मूळ प्रमाण राखावे, नाहीतर तेवढाच पाय दाबूनही ब्रेक कमी लागतो. किक मारताना ती नव्या फूटरेस्टला अडते का हेही बसवतानाच पाहून घ्यावे. मागच्या ब्रेकच्या दिव्याचा स्विच या गडबडीत हमखास विसरला जातो.

तात्पुरत्या जोडणीवर, स्पंजचा तुकडा ठेवून, निदान अर्धा तास बसून पाहावे. पाठ, मान आणि मनगटे काय म्हणतात ते ऐकल्यावरच सीटची लांबी आणि उंची पक्की करावी.

मागची फ्रेम आणि सीट

आता कापण्याची वेळ येते. कॅफे रेसरची मागची फ्रेम साधारणपणे मागच्या चाकाच्या आसाच्या आसपास संपवतात, मात्र शॉकॲबसॉर्बरच्या वरच्या टोकांना आणि त्यांच्या आधाराला हात लावायचा नाही. मागच्या दोन नळ्या जोडणारे मूळ आडवे पाइप कापले, तर फ्रेमची ताकद परत आणण्यासाठी अर्धगोल कडी वेल्ड करणे अनिवार्य आहे. कडीच्या नळीचा बाहेरचा व्यास आणि जाडी मूळ नळीएवढीच असावी. नुसते टोकाला टोक लावून केलेले वेल्डिंग थरथरीने तडकू शकते, म्हणून आत घट्ट बसणारा नळीचा तुकडा दोन्ही बाजूंना शिरवावा, बाहेरच्या नळीला छिद्रे पाडून तो त्यांतून वेल्ड करावा आणि मग सांध्याभोवती वेल्डिंग फिरवावे.

कडीची उंची डोळ्यांनी ठरवू नये. दोन्ही शॉकॲबसॉर्बरच्या स्प्रिंगा काढून ते पुन्हा लावावेत आणि चाक वर ढकलून शेवटपर्यंत न्यावे. त्या स्थितीत टायर आणि कडी किंवा सीटचा तळ यांच्यात किमान २५ मिलिमीटर अंतर हवे. खड्ड्यात चाक वर येऊन सीटला घासले तर मागचे चाक जागीच अडकू शकते.

वेल्डिंग हे शिकत शिकत फ्रेमवर करण्याचे काम नाही. स्वतःला आत्मविश्वास नसेल तर नळ्या कापून, घासून, जागेवर घट्ट बसवून ठेवाव्यात आणि अनुभवी वेल्डरकडून सांधे भरून घ्यावेत. त्याआधी बॅटरी, रेग्युलेटर (चार्जिंगचा दाब आवरणारा भाग) आणि सीडीआय (प्लगची ठिणगी सांभाळणारा इलेक्ट्रॉनिक भाग) काढून ठेवावे, अर्थिंगचा चिमटा वेल्डिंगच्या अगदी जवळ लावावा म्हणजे प्रवाह बेअरिंगमधून जात नाही, आणि नळीवरचा रंग व जस्ताचा थर पूर्ण खरवडावा, कारण तापलेल्या जस्ताचा धूर माणसाला आजारी पाडतो. क्लोरीनयुक्त ब्रेक क्लीनरने पुसलेल्या भागावर वेल्डिंग करणे प्राणघातक ठरू शकते; त्यातून फॉस्जीन हा विषारी वायू तयार होतो. पेट्रोलची रिकामी टाकी वेल्डिंग किंवा ग्राइंडरजवळ ठेवू नये, कारण आत उरलेली वाफ स्फोटाला पुरते.

सीटचा तळ फायबर ग्लासचा करणे घरी सहज जमते. फ्रेमवर आणि आजूबाजूला चिकटपट्टी व त्यावर ॲल्युमिनिअम फॉइल लावावी, पाठीमागच्या उंचवट्याचा आकार फुलवाल्यांच्या हिरव्या फोममधून कोरावा, आणि त्यावर काचेच्या चटईचे तीन-चार थर पॉलिएस्टर रेझिनमध्ये भिजवून बसवावेत. नुसत्या थर्मोकोलवर पॉलिएस्टर रेझिन ओतल्यास थर्मोकोल विरघळतो. रेझिन घट्ट करणाऱ्या हार्डनरचे प्रमाण १ ते २ टक्के पुरते. डब्यावरची सूचना पाळावी आणि डोळ्यांवर चष्मा हवाच, कारण हार्डनर डोळ्यांत गेल्यास कायमची इजा होऊ शकते. रेझिन सुकल्यावर तळ काढून कडा घासाव्यात, बोल्टांच्या जागी धातूच्या पट्ट्या बसवाव्यात, त्यावर २५ ते ४० मिलिमीटर जाडीचा घट्ट फोम चिकटवून रेग्झिन किंवा चामडे ताणून घ्यावे. मऊ फोम दुकानात छान लागतो, पण तासाभराच्या प्रवासात दबून तळ टोचू लागतो.

सस्पेन्शन, चाके आणि ब्रेक

खर्चाला कात्री लावायची वेळ आली तर ती रंगावर, सायलेन्सरवर किंवा सीटवर लावावी, या विभागावर लावू नये. फोर्क उघडून ऑइल सील आणि ऑइल बदलावे, हँडलचे बेअरिंग आणि स्विंगआर्मचे (मागचे चाक धरणाऱ्या हलत्या भुजेचे) बुश तपासावेत. फोर्कच्या नळ्या क्लॅम्पमधून वर सरकवल्या किंवा मागे लांब शॉकॲबसॉर्बर लावले की गाडी पुढे झुकलेली दिसते आणि चपळपणे वळते, परंतु दोन्ही एकदम केल्यास सरळ रस्त्यावर हँडल अस्थिर होऊ शकते. पुढचा भाग एका वेळी ५ ते १० मिलिमीटरनेच खाली आणावा आणि फोर्क पूर्ण दाबला असता टायर किंवा मडगार्ड खालच्या पट्टीला लागत नाही हे पाहावे. मागची उंची बदलली की साइड स्टँड अपुरा पडतो आणि चेनचा ताणही बदलतो. चालक बसलेला असताना सस्पेन्शन एकूण चालीच्या सुमारे एक-चतुर्थांश ते एक-तृतीयांश दबावे, असे स्प्रिंगचे समायोजन ठेवावे.

टायरवर चार अंकी निर्मिती संकेत असतो. २३१९ म्हणजे २०१९ सालचा २३ वा आठवडा. नक्षी शाबूत असली तरी फार जुने, कडक झालेले टायर ठेवू नयेत. अरुंद रिमवर रुंद टायर चढवण्याचा मोह होतो, पण त्यामुळे टायरचा आकार आवळला जातो आणि गाडी वळणात विचित्र वागते. चौकोनी ठोकळ्यांच्या जुन्या नक्षीचे टायर छायाचित्रात शोभतात, ओल्या रस्त्यावर मात्र त्यांची पकड बेताचीच असते.

डिस्क ब्रेकचे जुने रबरी पाइप आतून फुगतात, म्हणून स्टीलच्या जाळीचे पाइप घ्यावेत आणि त्यांच्या बोल्टांखालचे तांब्याचे वॉशर दर वेळी नवे लावावेत. कॅलिपरचे पिस्टन साफ करून सील बदलावेत. डॉट ३ आणि डॉट ४ ब्रेक फ्लुइड हवेतला ओलावा शोषते, त्यामुळे जुने पूर्ण काढून टाकावे. ते रंगही खाते, हे टाकी रंगवल्यानंतर विसरू नये. ड्रम ब्रेकमध्ये लायनर नवे घालून ब्रेक लागलेल्या स्थितीत भुजा आणि केबल यांच्यात जवळपास ९० अंशांचा कोन येईल अशी जोडणी करावी, त्यामुळे जोर पूर्ण पोहोचतो.

हवा, इंधन आणि वायरिंग

मूळ एअर फिल्टरचा डबा काढून शंकूच्या आकाराचे फिल्टर लावले की फ्रेममधला त्रिकोण मोकळा दिसतो. हा बदल दिसायला सोपा असला तरी त्यामुळे इंजिनात हवा जास्त जाते, मिश्रण विरळ होते आणि विरळ मिश्रणाने पिस्टन तापतो. म्हणून कार्बोरेटरमधले जेट, म्हणजे पेट्रोल सोडणारी बारीक छिद्रे, बदलणे आलेच. ढोबळमानाने ॲक्सिलरेटरच्या पहिल्या चतुर्थांशात पायलट जेट, मधल्या भागात सुई आणि शेवटच्या चतुर्थांशात मेन जेट मिश्रण ठरवते. एका वेळी एकच बदल करून प्लगचा रंग पाहावा: पांढरट म्हणजे विरळ, काळा व काजळी धरलेला म्हणजे दाट, फिकट तपकिरी म्हणजे ठीक. निर्वाताने स्लाइड उचलणाऱ्या सीव्ही कार्बोरेटरला असे फिल्टर विशेष मानवत नाहीत. माझा कल मूळ डबा ठेवण्याकडेच आहे. एक्झॉस्टच्या पाइपवर गुंडाळलेली पट्टी ओलावा धरून पाइप आतल्या आत गंजवते, तेव्हा तीही केवळ शोभेसाठी लावू नये.

वायरिंग सुरू करण्यापूर्वी कागदावर आकृती काढावी. मुख्य फ्यूज बॅटरीच्या धन टोकाच्या शक्य तितका जवळ हवा. अर्थिंगच्या जागी फ्रेम धातू दिसेपर्यंत घासावी. थरथर होणाऱ्या गाडीत सोल्डरचा सांधा आपल्या कडेला तुटू शकतो, त्यामुळे योग्य मापाचे टर्मिनल क्रिंप करून त्यावर हीट-श्रिंक नळी चढवावी. हँडलपाशी वायरींना पूर्ण वळणाइतकी ढील द्यावी. एलईडी इंडिकेटर लावल्यास जुना फ्लॅशर चालत नाही; एलईडीसाठीचा फ्लॅशर घ्यावा. मीटरमध्ये दोन्ही बाजूंसाठी मिळून एकच सूचक दिवा असेल तर त्यातून उलट प्रवाह जाऊन चारही इंडिकेटर एकदम लुकलुकतात. त्यावर दोन डायोडचा उपाय आहे. सीटच्या उंचवट्यात लपणारी लहान लिथियम-आयर्न फॉस्फेट बॅटरी हवी असेल तर आधी चार्जिंग मोजावे: इंजिनाचा वेग वाढवल्यावर बॅटरीवर १३.५ ते १४.५ व्होल्ट दिसावेत. त्याहून जास्त येत असेल तर रेग्युलेटर बदलल्याशिवाय ती बॅटरी लावू नये.

रंग, अंतिम जोडणी आणि पहिली फेरी

सर्व भाग बिनरंगाचे जोडून गाडी सुरू झाली, दिवे लागले, हँडल मोकळे फिरले आणि ती थोडी चालवूनही पाहिली, की मगच ती पुन्हा पूर्ण सुटी करावी. कंस वेल्ड करायचा राहिला किंवा छिद्र पाडायचे राहिले, हे इथे कळले तर नुकसान होत नाही. फ्रेमला पावडर कोटिंग देताना आटे, बेअरिंगच्या जागा आणि अर्थिंगचे ठिकाण झाकून घ्यावे, आणि चेसिस क्रमांक वाचता येईल इतपतच थर राहू द्यावा. टाकीच्या आतला गंज सायट्रिक ॲसिडच्या द्रावणाने काढून, खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने धुऊन लगेच कोरडी करावी. बाहेरचे पोचे शक्य तितके काढूनच पातळ लांबी (पुट्टी) भरावी. पेट्रोल सांडल्याने रंग उतरू नये म्हणून वर दोन घटकांचा क्लिअर कोट द्यावा. मात्र त्याच्या हार्डनरमधील आयसोसायनेटपासून साधा कापडी मास्क मुळीच संरक्षण देत नाही, त्यामुळे हे काम योग्य सोय असलेल्या रंगकाम करणाऱ्याकडे सोपवणे शहाणपणाचे.

अंतिम जोडणीत एकदा वापरलेले नायलॉक नट आणि कॉटर पिन पुन्हा लावू नयेत, आणि प्रत्येक महत्त्वाचा बोल्ट मॅन्युअलमधल्या टॉर्कने आवळल्यावर त्यावर रंगाची बारीक रेघ ओढावी. ती सरकलेली दिसली की बोल्ट ढिला होत असल्याचे कळते. पहिली फेरी मोकळ्या रस्त्यावर, कमी वेगात आणि दहा मिनिटांचीच घ्यावी, पाना खिशात आणि अग्निशामक सिलिंडर हाताशी ठेवून. इंजिन थंड झाल्यावर ऑइलची गळती, स्पोकचा ताण, चेन, ब्रेक आणि एक्झॉस्टचे नट तपासावेत. चार-स्ट्रोक इंजिनात हेड उघडले असेल तर व्हॉल्व्हचे अंतरही पुन्हा मोजावे. हीच तपासणी १०० किलोमीटरवर आणि नंतर ५०० किलोमीटरवर करावी, आणि त्यातल्या दुसऱ्या तपासणीपर्यंत इंजिनाला पूर्ण वेगाने पळवणे टाळावे.